दप्तराबाहेरचे फळ : नायगावचा आठवडी बाजार आणि सीताफळ

मराठवाड्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास साधनांची उणीव भासते अशी एक समजूत रूढ आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. निजामाच्या राजवटीने या मुलखातून जे जे वसूल केले त्याची नोंद तिने मोठ्या निगुतीने ठेवली. दिवाणीच्या गावांचा धारा, सर्फेखासचा व जागिरींचा ऐवज, आबकारीचे गुत्ते, करोडगिरीची नाकी, इनामांच्या सनदा आणि त्यांवरून माजलेले वर्षानुवर्षांचे तंटे हे सारे कागदावर आहे, आणि निलंग्यास जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या फारसी-उर्दूच्या जाणकारांनी त्या कागदांतून इतिहास कसा उपसावा हेही दाखवून दिले आहे. खरी उणीव आहे ती जे वसूल झाले नाही त्याच्या नोंदींची. ज्या वस्तूवर कर बसला नाही, जिचे शेत नव्हते, जिचा हर्रास पुकारला गेला नाही आणि जिच्यापायी कोणी कचेरीची पायरी चढला नाही, ती वस्तू शेकडो वर्षे लोकांच्या मुखी असूनही दप्तराच्या लेखी जन्मालाच आलेली नसते. आश्विन महिन्यात नायगावच्या आठवडी बाजारात जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर जे फळ मांडले जाते, ते सीताफळ, हे अशा वस्तूंचे उत्तम उदाहरण होय. आणि त्याचा इतिहास वाचायचा तर दप्तर बाजूस ठेवून बाजारातच उभे राहिले पाहिजे.

नायगाव हे गाव नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या जुन्या सडकेवर, नरसीच्या चौकाच्या थोडे अलीकडे वसलेले आहे. १९९९ साली स्वतंत्र तालुका होईपर्यंत ते बिलोली तालुक्यात मोडत असे, आणि टपालाच्या पत्त्यात त्याच्या नावापुढे ‘बाजार’ हा शब्द आजही लागतो, यावरून आसपासच्या खेड्यांच्या दृष्टीने या गावाचे प्रयोजन काय होते ते उघड दिसते. उत्तरेस गोदावरीकाठची काळीभोर जमीन आहे. नैर्ऋत्येस व पश्चिमेस मुखेड-कंधारच्या बाजूने बालाघाटाच्या रांगांचे उतार, मन्याडीच्या खोऱ्यातील बरड, मुरमाड माळ आणि त्यांवरील तांडे आहेत. काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस व डाळी पिकतात. माळावर पिकत काहीच नाही, परंतु उगवते पुष्कळ. पिकणाऱ्या मुलखाची व उगवणाऱ्या मुलखाची आठवड्यातून एकदा गाठ पडावी, हे या बाजाराचे मूळ कार्य होते. हैदराबादहून मनमाडला जाणारा मीटरमापी लोहमार्ग एकोणिसावे शतक संपता संपता झाला तेव्हा तो उमरी-धर्माबादच्या अंगाने, म्हणजे गोदावरीच्या पलीकडून गेला. त्यामुळे कापसाचा व गळिताच्या धान्याचा मोठा व्यापार तिकडच्या मोंढ्यांकडे ओढला गेला आणि सडकेवरच्या नायगावाकडे मुख्यत्वे तोच माल राहिला, जो टोपल्यात मावतो, डोक्यावरून येतो आणि त्याच दिवशी विकला जावा लागतो.

बाजार आणि सत्ता यांचा संबंध या भूमीत फार जुना आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठास कोणकोणती उत्पन्ने तोडून दिली ते नोंदले आहे, आणि त्यातला बाजारातील विक्रेत्या-गिऱ्हाइकांकडून घ्यावयाच्या हक्कांचा भाग चक्क त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलची देवालये ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात उभी राहिली, त्या काळच्या दानलेखांतही सुपारी, विड्याची पाने, तेल, धान्य अशा मालावरील वाटे देवांना दिल्याचे वारंवार आढळते. पुढे मुसलमानी व मराठी अंमलात पेठ वसवावयाची म्हणजे कौल द्यावयाचा, शेट्या व महाजन नेमावयाचे आणि उदम्यांना काही वर्षे जकात माफ करावयाची, असा परिपाठच पडला. कारागीर व दुकानदार यांच्यावर मोहतर्फा बसे, आणि बाजाराच्या दिवशी जमिनीवर बसून विकणाऱ्यांकडून तहबाजारी घेतली जाई. या साखळीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की तहबाजारी ही मालावरची नव्हे, जागेवरची पट्टी होती. विक्रेत्याने किती हात जागा अडविली एवढेच वसूल करणारा पाहत असे. टोपल्यात काय आहे हे पाहण्याचे त्यास कारण नव्हते. सीताफळ बाजारात शिरले ते या फटीतून.

हे फळ मुळात कोठले, या प्रश्नावर विद्वानांत बराच काथ्याकूट झालेला आहे. वनवासातील सीतेशी लोकांनी त्याचा संबंध जोडला असल्यामुळे ते अनादि काळापासून येथलेच, अशी सर्वसामान्य श्रद्धा आहे. पुरातत्त्व खात्याचे आद्य प्रवर्तक अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारहूतच्या स्तूपावरील ग्रंथात तेथल्या शिल्पांत आपणांस हे फळ दिसल्याचे प्रतिपादिले, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरही काहींना त्याचा भास झाला. उलटपक्षी, वनस्पतींच्या मूलस्थानांचा शोध घेणारे स्विस शास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी, या फळाचे सगेसोयरे ज्याअर्थी बहुतांशी अमेरिका खंडात आहेत त्याअर्थी तेही तिकडलेच, असा निर्वाळा दिला. आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते हिंदुस्थानात आले हे मत तेव्हापासून बहुमान्य होऊन राहिले. २००९ साली उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातल्या टोकवा येथील उत्खननात सापडलेले एक जळके बीज सीताफळाचे असून ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातले असावे, असे संशोधकांनी जाहीर केले आणि मिटत आलेला वाद पुन्हा पेटला. एका बीजावर महासागरापारच्या दळणवळणाची इमारत उभी करावी की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते आगमनाच्या तिथीपेक्षा आगमनानंतरच्या वर्तनाला. मिरची, तंबाखू, भुईमूग, बटाटा ही याच सुमाराची परदेशी मंडळी शेतात शिरली, आणि शेतात शिरल्यामुळे यथाकाल धाऱ्यातही शिरली. सीताफळ मात्र शेताच्या धुऱ्यावर थबकले, आणि तेथून माळावर गेले.

याचे कारण झाडाच्या अंगच्या गुणांत आहे. सीताफळीचे पान कडवट व उग्र वासाचे असून शेळीसारखे सर्वभक्षी जनावरही त्यास सहसा तोंड लावीत नाही. बियांच्या भुकटीने डोक्यातील उवा मरतात, परंतु तीच डोळ्यांत गेली तर डोळ्यास इजा होते, हे प्रत्येक घरातील म्हातारीस ठाऊक असते. आणि हल्ली पिकांवरील किडीसाठी जो दशपर्णी अर्क करतात त्यातही हा पाला घालतात. ज्या गायरानावर साऱ्या गावची जनावरे चरतात तेथे बोरी-बाभळींची रोपे वर येण्याच्या आत खुडली जातात, आणि सीताफळी तेवढी निर्धास्त वाढते. मुरूम चालतो, पाणी घालावे लागत नाही, पाखरे व माणसे फळ खाऊन बिया टाकतात तेवढी पेरणी पुरते. मृगाच्या सरी पडू लागल्या की झाड फुलावर येते आणि भाद्रपद-आश्विनात फळ तयार होते. अशा रीतीने, जेथे कोणाचाच मालकी हक्क नाही अशा जमिनीवर, जे कोणी लावले नाही असे झाड फळू लागले. आणि ज्याने ते तोडले त्याचे ते झाले.

निजामाच्या कारभाराला झाडांची पारख नव्हती असे मात्र मुळीच नाही. शिंदीचे झाड आणि मोहाचे फूल यांवर आबकारीची जी नजर होती तिला तोड नव्हती, कारण शिंदी व दारू यांचे उत्पन्न हा सरकारी जमेचा एक मोठा आधार होता. झाडे मोजली जात, गुत्ते दिले जात, आणि गुत्तेदाराची माणसे रानोमाळ पहारा करीत. सागवान जंगलात राखीव झाले. सरकारी आंब्या-चिंचेचा हर्रास पुकारला जाई. आंब्याचे झाड पिढ्यान् पिढ्या एका जागी उभे असते, त्याचा बहर अदमासता येतो, त्याचे फळ आढीत घालून हप्ता-दोन हप्ते ठेवता येते. म्हणून ते हर्रासास योग्य. सीताफळाची गोष्ट निराळी. झुडूप पुरुषभर उंचीचे, एकेका झुडपावर फळे थोडी, तीही एकदम न पिकता दीड-दोन महिने मागेपुढे पिकत राहणारी, आणि उतरविल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडून हातात फुटणारी. अशा फळाचा गुत्ता घेऊन पहारेकरी ठेवणारा गुत्तेदार दिवाळखोरीतच निघावयाचा. फळाचा नाशवंतपणा हाच त्याचा अभय कौल ठरला. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होत असे. म्हणजे कचेऱ्यांत नव्या वहीचे पहिले पान उघडले जात असता बाहेर माळावर सीताफळ पिकलेले असे, आणि त्या पानावर त्याची एक ओळही पडत नसे.

हे फळ तोडून आणणारे लोक कोण, हे बाजारात पाहताक्षणी समजे. जिराईत का होईना चार एकर जमीन ज्यास आहे तो सुगीच्या तोंडावर माळ हिंडत बसत नाही. तोडणारे असत ते भूमिहीन, आणि त्यांतही स्त्रिया व मुले. विशेषतः कंधार-मुखेडकडच्या तांड्यांवरील लमाण स्त्रिया. ज्या समाजाने मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांत हजारो बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून फौजा जगविल्या, त्याचा तो धंदा सडका व आगगाडी यांनी मोडला, आणि तांडे जेथे उतरले तेथेच, गावशिवाराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी कायमचे वसले. गावची काळी तोवर वाटली गेलेली होती. उरले होते ते माळ. एका काळी ज्यांनी बादशाही फौजांचा बाजार चालविला त्यांच्या लेकीसुना पुढे टोपलेभर फळ घेऊन आठवडी बाजारात बसल्या, ही या मुलखाच्या आर्थिक इतिहासातील मोठी घडामोड होय.

या तोडणीत एक शास्त्र होते, आणि ते बाजाराच्या वारावर बेतलेले होते. कच्च्या फळावरील खवले एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात. पक्व होऊ लागले की त्यांमधल्या फटी रुंदावून त्यांत पांढुरकी-पिवळसर रेघ दिसू लागते. त्यास डोळे उघडणे म्हणतात. डोळे न उघडलेले फळ तोडले तर ते पिकत नाही, नुसते काळे पडून दगडासारखे होते. डोळे पुरते उघडून मऊ पडलेले फळ तोडले तर तीन-चार कोस डोक्यावरून नेईतो त्याचा चिखल होतो. तेव्हा बाजाराच्या वारापासून मागे मोजीत येऊन, कोणते फळ आज, कोणते उद्या आणि कोणते पुढच्या बाजारासाठी झाडावरच ठेवावयाचे याचा निर्णय तोडणारीला त्या फटीच्या रंगावरून करावा लागे. पुन्हा टोपले भरताना तळाशी सीताफळीचाच पाला, त्यावर टणक फळे, वर डोळे जास्त उघडलेली, असा क्रम असे. बाजारात आल्यावर फळांचे वाटे लागत: चार मोठी खाली, एक वर, आणि प्रत्येक वाट्यात एखादे आजच खाण्याजोगे, एखादे उद्याचे, एखादे परवाचे. गिऱ्हाईक वाटा उचले ते तीन दिवसांची तजवीज म्हणून. येथे तराजूचे काम नव्हते. १९५६ च्या कायद्यानंतर शेर-पायली जाऊन किलोग्रॅम आला तेव्हा मोंढ्यात जी गडबड उडाली तिचा वाट्यांना काहीच उपसर्ग पोचला नाही. निजामाच्या हाली शिक्क्याच्या जागी हिंदुस्थानचा रुपया आणि पुढे आण्यांच्या जागी नवे पैसे आले, तेव्हा वाट्यातील फळांचा आकार तेवढा कमीजास्त झाला.

राज्ये मात्र भराभर बदलली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. करोडगिरीची नाकी यथावकाश उठली. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार फेररचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि त्यांबरोबर मुधोळ-भैंसा हा नांदेड जिल्ह्याचा भाग तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणात, गेला. आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना माळ तोच, झुडूप तेच आणि तांडेही तेच होते. परंतु त्या फेररचनेचे परिणाम पुढे असे झाले की त्याच लमाण समाजाला महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानंतर तेलंगणात अनुसूचित जमातींत गणले जाऊ लागले. एकाच डोंगराचे फळ तोडणाऱ्या बहिणी-बहिणी तीन राज्यांच्या तीन याद्यांत विभागल्या गेल्या.

याच काळात सडकेने दुसरे एक फळ आणले. सफरचंद हे पूर्वी मराठवाड्याच्या खेड्यांत आजाऱ्याच्या उशाशी दिसे, आणि तेही सधनाच्या. हिमाचलातील कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकन जातीची कलमे लावली, त्या बागांचा व काश्मिरातील बागांचा माल मालमोटारींनी दक्षिणेत उतरू लागल्यावर ते हळूहळू आठवडी बाजाराच्या गाड्यांवर आले. योगायोग असा की उत्तरेतील सफरचंदाची तोडणीही भाद्रपद-आश्विनातच चालते. त्यामुळे ही दोन्ही फळे नायगावच्या बाजारात एकाच वेळी समोरासमोर येतात. एक शीतगृहात महिनोन् महिने टिकते, म्हणून त्यास दलाल, अडत, पेटी आणि वर्षभराचा भाव आहे; दुसरे शीतगृहात ठेवले तर सालीस काळे पडते, म्हणून त्यास तोडणाऱ्या बाईखेरीज कोणी वाली नाही. ज्या गुणामुळे सीताफळ गुत्तेदाराच्या तावडीतून सुटले, त्याच गुणामुळे ते व्यापाऱ्याच्या कृपेसही मुकले.

सीताफळ अखेर दप्तरात शिरले ते १९९० नंतर. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित अशी फळबाग लागवडीची योजना आणली, आणि कोरडवाहू जमिनीवर तग धरणाऱ्या फळझाडांत सीताफळाची गणना झाली. ज्यास कधी कोणी खड्डा खणला नव्हता त्यास मोजून अंतरावर खड्डे, अनुदान आणि सात-बाराच्या उताऱ्यावर फळबागेची नोंद मिळाली. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने धारूर-६ ही निवड पुढे आणली. तेलंगणातील बालानगर या गावाच्या नावाने ओळखला जाणारा वाण मराठवाडाभर पसरला. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. त्याच वर्षी फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू झाले. गराचे यंत्र आले, गर गोठवून रबडी व आइसक्रीमसाठी शहरांकडे जाऊ लागला, आणि नाशवंतपणाची जुनी अडचणही बऱ्याच अंशी दूर झाली. हैदराबाद संस्थानचा १३३९ फसलीचा, म्हणजे १९३० चा, शेतमाल-बाजाराचा कायदा टोपल्यापर्यंत पोचला नव्हता. आताचे कायदे व योजना पोचल्या. त्या पोचल्या त्या बागाइतदाराच्या क्रेटपर्यंत.

ही प्रगती नव्हे असे कोण म्हणेल? कोरडवाहू शेतकऱ्यास पाण्यावाचून चार पैसे देणारे झाड मिळाले, ही गोष्ट १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मुलखात लहान नव्हे. तथापि हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बागेच्या फळास कुंपण आहे. माळाच्या फळास नव्हते, आणि माळच आता अतिक्रमणांनी व सरकारी वाटपांनी आकसला आहे. बागेचे मोठे, मांसल फळ तराजूवर विकले जात असता रानातले बारीक, बियाळ परंतु गोडीस उणे नसलेले फळ वाट्यावर मागे पडते, आणि ते आणणारीही. मानांकनाच्या नोंदवहीत उत्पादकाची नोंद होते. जिने पिढ्यान् पिढ्या डोळ्यांची पारख राखली आणि या फळाची चव गावोगाव पोचविली, ती उत्पादक या संज्ञेत बसत नाही, कारण तिने काही लावलेच नव्हते.

तिच्यासाठी कायद्यात एक दार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. मात्र तो गायरानास लागू नाही, केवळ वनजमिनीस आहे, आणि जो अनुसूचित जमातीचा नाही त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण वनावर अवलंबून तेथे राहत आल्याचे सिद्ध करावयाचे आहे. पंचाहत्तर वर्षे मागे मोजली की आपण थेट १९३० मध्ये, निजामाच्या त्या दप्तरासमोर जाऊन उभे राहतो, ज्यात शिंदीचा पैसा आहे आणि सीताफळाची ओळ नाही. म्हणजे जी नोंद न होणे ही काल या लोकांची सोय होती, तीच न झालेली नोंद आज त्यांची अडचण झाली आहे. आणि तेलंगणातील तिच्या बहिणीस मात्र हा पुरावा द्यावा लागत नाही. सुदैवाने कायद्याखालील नियमांनी कागदाबरोबर वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे. तेव्हा कोणत्या माळावरून फळ येई, कोण आणी, कोणत्या वाटेने बाजारास येई, हे ज्यांना आठवते त्या नायगाव-मुखेडकडील म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या आताच लिहून घेणे, हे इतिहासलेखकाचे जितके काम आहे तितकेच ते ग्रामसभांचेही आहे. असे एक दप्तर या फळाच्या नावे उघडले गेले, तर ते या भागात वसुलीवाचून लिहिलेल्या मोजक्या दप्तरांपैकी एक ठरेल.